गोळी कुठे थांबते?

बंदुकीचा परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न जागेचा असतो. बंदूक आणली, काडतुसांचा खोका आणला, आता निदान दोन बार काढून नेम तरी बघायला नको का? पुण्या-मुंबईच्या माणसाला याचा फार विचार करावा लागत नाही. बालेवाडीला किंवा वरळीला जायचे, तिथल्या संघटनेत नाव घालायचे आणि प्रशिक्षक सांगेल तिथे उभे राहायचे. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या नायगावहून बालेवाडी चारशे किलोमीटरांच्या पुढे. त्यामुळे इथला माणूस आजूबाजूला बघतो, आणि आजूबाजूला तर जागाच जागा. नायगावातून नरसीकडे निघा, नाहीतर कुंटूर-बरबड्याच्या बाजूला वळा. नजर पोचते तिथवर सोयाबीन, तूर, कापूस, मधेच हळदीचा एखादा हिरवा तुकडा, एखादे पडीक, एखादे गायरान. एवढ्या मोकळ्या रानात एक बार काढला तर कुणाचे काय जाणार आहे?

या ‘कुणाचे’ला उत्तर आहे, आणि ते लांबलचक आहे. त्यात सरकारची तीन-चार खाती येतात, रानातली जनावरे येतात, आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचा, बांधापलीकडचा शेजारी येतो.

आधी परवान्याकडे बघू. आपल्याकडे बंदुकीचा कारभार चालतो तो १९५९च्या शस्त्र कायद्यावर. तो १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला आणि इंग्रजांच्या १८७८च्या कायद्याची जागा त्याने घेतली. मराठवाड्यापुरते बोलायचे तर इंग्रजांचा कायदाही इथे पाहुण्यासारखाच होता. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्या शेवटच्या वर्षात एकीकडे रझाकारांच्या हातात बंदुका होत्या, दुसरीकडे सरहद्दीपलीकडच्या मुक्तिलढ्याच्या कॅम्पांतल्या पोरांच्या हातात. जानेवारी १९४८मध्ये उमरीची बँक लुटली गेली, ते उमरी नायगावच्या शेजारचेच. तेव्हा बार कुठे काढायचा याचे नियम कुणी विचारले नसतील. या भागातल्या जुन्या घरांत बंदुकीच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या बहुतेक त्या काळातल्या किंवा शिकार कायदेशीर होती त्या काळातल्या असतात. ऐकायला झकास असतात, पण त्यांच्या भरवशावर आज रानात जाऊ नये.

१९५९चा कायदा बंदूक देताना ‘कशासाठी’ हे विचारतो. आत्मसंरक्षणासाठी, खेळासाठी, की पिकाच्या राखणीसाठी? शेतकऱ्याला पिकासाठी ठासणीची बंदूक मिळू शकते, अशी तरतूद त्यात स्पष्ट आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल. उद्देश परवान्यावर लिहिलेला असतो आणि तोच तुमची जागाही ठरवतो. पिकासाठी दिलेली बंदूक पिकापाशी शोभते. ती नांदेडच्या बाजारात खांद्याला लटकवून हिंडायला दिलेली नसते. क्लबच्या सभासदाला दिलेली रायफल क्लबच्या मैदानासाठी असते. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घ्यायची याचाही आकडा असतो, म्हणजे मनसोक्त बार काढण्याची हौस तिथेच आटपते.

अर्ज नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी म्हणून, जातो. पोलीस ठाण्यातून चौकशी होते, डॉक्टरांचा दाखला लागतो. २०१६च्या शस्त्र नियमांनी त्यात बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही घातला. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. या सगळ्या कागदांत एक गोष्ट मात्र कुणी बघत नाही, ती म्हणजे जमीन. अर्जदाराचा सातबारा बघतात, पण तो जमीन आहे का एवढ्यापुरता. ती सपाट आहे की चढाची, तिच्या पलीकडे वस्ती आहे की नाला, हे त्या उताऱ्यात नसते.

ब्रिटनमध्ये ते बघतात. तिथे रायफलचा दाखला देताना, विशेषतः नवख्या माणसाला, पोलीस तो कोणत्या जमिनीवर बार काढणार हे विचारतात आणि ती जमीन त्या जातीच्या बंदुकीला योग्य आहे का ते ठरवतात. जमिनीच्या मालकाची परवानगी तर लागतेच. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. आपल्याकडे माणसाची तपासणी कसून होते आणि जमिनीची मुळीच होत नाही.

आता नायगावच्या शिवारातल्या जागा एकेक करून बघू. पहिले गायरान, कारण सगळ्यांचा डोळा तिथेच जातो. गायरान कुणाच्याच मालकीचे नाही असे गावात मानतात. प्रत्यक्षात ते सरकारचे, सांभाळायला ग्रामपंचायतीकडे दिलेले, आणि वापर ठरलेला: गुरे चारणे आणि गावाची सार्वजनिक कामे. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी असतो. गुराखी, सरपण गोळा करणाऱ्या बाया, शेळ्यांमागची पोरे. शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी बंदूक परजणे आणि बार काढणे दोन्हींना सक्त मनाई केली आहे. परवाना रद्द व्हायला तेवढे पुरते. बंदूक नेतानासुद्धा ती म्यानात, पिशवीत झाकून न्यायची. तेव्हा गायरान बाद. त्याच न्यायाने रस्त्याची कड, तलावाचा बांध, मन्याड-गोदावरीचे पात्र, सगळे बाद. पाण्याकडे तोंड करून बार काढला की गोळी बुडते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कमी कोनात पाण्यावर पडलेली गोळी तळ्यात फेकलेल्या चपट्या दगडाप्रमाणे टप्पा घेऊन पुढे जाते, आणि पुढे म्हणजे पलीकडच्या काठावर.

दुसरे वन. नायगाव तालुक्यात जंगल नावालाच. खरे जंगल बघायचे तर भोकर ओलांडून किनवट-माहूरकडे जावे लागते. तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत, मागे मातीचा उभा कडा आहे, म्हणजे गोळी थांबवायला निसर्गाने केलेली सोय आहे. पण राखीव जंगलात १९२७च्या वन कायद्याने नियमांविरुद्ध शिकार करणे, बंदूक चालवणे हा गुन्हा आहे. त्याच बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊल टाकायलाच परवानगी लागते. शिवाय वन्यजीव कायद्याची एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिघात राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे असते, आणि त्या परिघात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. मराठवाड्यात दुसरेही एक नायगाव आहे, बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ. तिथे मोरांचे अभयारण्य आहे. त्या नायगावात जो प्रश्न उंबऱ्यावरच संपतो, तो आपल्या नायगावात बांधापर्यंत जातो, एवढाच काय तो फरक.

मग उरली मालकीची जमीन, आपली किंवा लेखी परवानगीने दुसऱ्याची. आपल्या शेतात, आपल्या परवान्याच्या बंदुकीने, परवान्यावर लिहिलेल्या कामासाठी बार काढायला कायद्याची सरसकट बंदी नाही. मात्र दोन अटी पाठोपाठ येतात. त्या बाराने कुणाच्या जिवाला धोका होता कामा नये, आणि समोर जनावर असेल तर त्या जनावराचा कागद वेगळा लागतो.

जनावराचा कागद ही मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची खरी डोकेदुखी आहे. सोयाबीन दाण्यावर आले की रानडुकरांचा कळप रात्री शिरतो आणि खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. हरभऱ्यात रोही आणि हरणे. एका सकाळी बांधावर उभे राहून बघितले तर उभ्या पिकात जणू कुणी रोटाव्हेटर फिरवल्यासारखा पट्टा दिसतो; ओली माती नाकाडाने उकरलेली, शेंगा चोथा करून थुंकलेल्या. अशा माणसाला ‘हे वन्यजीव आहेत’ म्हणून सांगणे सोपे नाही. पण ते आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने ते प्रकरणच काढून टाकले. तेव्हापासून हौसेची शिकार संपली, मग जमीन कुणाचीही असो. ससा, तितर, लाव्हा, काही नाही. कावळा आणि उंदीर पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ला लागू झाली, ती यादीच गेली.

पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरासाठी मात्र एक दार उघडे आहे. कायद्याच्या कलम ११नुसार, दुसऱ्या अनुसूचीतले जनावर माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाले तर त्याला मारायची लेखी परवानगी वनखाते देऊ शकते. आणि मालमत्तेत उभे पीकही येते, असे कायद्याने नमूद केले आहे. रानडुक्कर आणि रोही या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावायचा नाही, त्याने अख्खा हरभरा खाल्ला तरी. महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५मध्ये शासन निर्णय काढून डुक्कर आणि रोही यांच्यापुरती ही परवानगी देण्याचा अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणला. शेतकऱ्याने वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्याकडे अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, आणि चोवीस तासांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. कागदावर हे फार सुटसुटीत आहे. पोच मिळवणे हेच त्यातले अर्धे काम असते, हे ज्याने सरकारी कचेरीत कधी पोच मागितली आहे त्याला सांगायला नको.

परवानगी मिळाली तरी तिच्याबरोबर बंदूक येत नाही. ज्याच्या नावावर शस्त्र परवाना, त्यानेच ती चालवायची. भावाला किंवा सालगड्याला चालवायला द्यायची तर त्याचे नावही आधी रीतसर परवान्यावर चढवून घ्यावे लागते. ‘तू धर, माझा हात दुखतोय’ हे चालत नाही. याची मोठी चर्चा झाली ती २ नोव्हेंबर २०१८ नंतर, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ अवनी वाघीण मारली गेली तेव्हा. वाघिणीला मारण्याचा आदेश होता, तरी पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने शस्त्र कायद्याचाही भंग झाल्याचे म्हटले. जनावराचा कागद असला म्हणून बंदुकीचा कागद माफ होत नाही, एवढे त्यातून शेतकऱ्याने घ्यावे. आणि मेलेले जनावर सरकारचे. मांस घरी नेले की परवानगी घेऊन केलेले काम त्याच क्षणी गुन्ह्यात जाते. जिवावर बेतले म्हणून, चांगल्या हेतूने, स्वतःच्या बचावात मारले तर कायदा माफ करतो. पण त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, समजा विनापरवाना शिकारीला गेला असाल, तर ती माफी नाही.

इथवर कायदा झाला. समजा सगळे कागद जुळले: बंदुकीचा परवाना, डुकराची परवानगी, सातबारा स्वतःच्या नावावर. आता गोळीचा हिशेब करू, कारण गोळीला गट नंबर कळत नाहीत.

छर्ऱ्यांसाठी जूर्ने नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने एक अंदाज बांधून दिला आहे, आणि तो अजून वापरला जातो. मिलीमीटरमध्ये मांडला तर तो लक्षात ठेवायला सोपा आहे: छर्ऱ्याचा व्यास जितके मिलीमीटर, तितके ऐंशी मीटर तो जास्तीत जास्त जातो. तीन मिलीमीटरचा बारीक छर्रा अडीचशे मीटरांच्या आसपास पडतो. डुकरासाठी जाड छर्रा वापरतात. नऊ मिलीमीटरचा घेतला तर सातशे मीटर. एकसंध गोळीला हा नियम लागू नाही, ती फार लांब जाते. पॉइंट टू टूची चिमुकली गोळी, जिला लोक खेळण्यातली समजतात, दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. पॉइंट ३१५ रायफलची त्याहूनही पुढे.

आता शेत मोजू. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. ती अगदी चौकोनी आहे असे धरले तरी एक बाजू जेमतेम ११६ मीटर भरते. पाच एकरांचा मोठा चौकोन घेतला तर १४२ मीटर. म्हणजे शेताच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाकडे बार काढला, तर पाखरांचा बारीक छर्रासुद्धा शेजाऱ्याच्या शेतात पडतो. जाड छर्रा शेजाऱ्याचे शेत ओलांडून त्याच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे. रायफलची गोळी पुढच्या गावात. या पट्ट्यात चारी दिशांना दोन-तीन किलोमीटर वस्ती नाही, आखाडा नाही, पाऊलवाट नाही असे ठिकाण शोधून काढणे जवळजवळ अशक्य आहे.

हे आकडे नळी वर उचललेली असताना जास्तीत जास्त अंतराचे आहेत, जमिनीकडे रोखलेल्या नळीचे नाहीत, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून नळी खाली रोखलेली आहे असे धरू. माणूस बांधावर उभा आहे, खांद्याची उंची १.४ मीटर, डुक्कर २५ मीटरवर, छाती जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती चाळीसेक मीटरवर जमिनीला लागते, पण कोन जेमतेम दोन अंशांचा. एवढ्या उथळ कोनात ती भुसभुशीत काळ्या मातीत रुतेलच असे नाही, आणि मधे बसाल्टचा दगड आला तर नक्कीच उसळते; उसळल्यावर कुठल्या दिशेला जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. आता तोच माणूस तीन मीटर उंच मचाणावर बसवा. खांदा जमिनीपासून पावणेचार मीटर. त्याच डुकरावर नेम धरला तर कोन साडेसात अंशांच्या जवळ जातो आणि गोळी डुकराच्या मागे चार मीटरवरच मातीत शिरते. फरक केवळ उंचीचा, पण एका बाबतीत गोळी शेतातच राहते आणि दुसऱ्या बाबतीत राहील की नाही हे दैवावर. ज्वारीच्या राखणीला पूर्वी उंच माळ्यावर बसून गोफण फिरवायचे, ते पाखरे दिसावीत म्हणून. बंदुकीला मचाण लागते ते गोळी थांबावी म्हणून.

मचाणासाठीही दिशा निवडावी लागते. खरे तर दिवसा, पीक छोटे असताना, त्याच जागी बसून चारी बाजू बघून ठेवाव्यात: कोणत्या बाजूला आखाडा, कोणत्या बाजूला पाऊलवाट, कोणत्या बाजूला नाल्याचा मातीचा कडा. कड्याच्या बाजूला जनावर आले तरच खटका ओढायचा, नाहीतर नाही, असे आधीच ठरलेले हवे. कारण डुक्कर रात्री येते, आणि रात्री शेत रिकामे नसते. शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते. म्हणजे मध्यरात्री दोन वाजता, तुम्ही बॅटरीच्या झोतात दोन चमकणारे डोळे बघत असता, त्याच वेळी पलीकडच्या शेतात कुणीतरी गुडघाभर चिखलात उभा राहून दारे धरत असतो. त्याचा आवाज पंपाच्या आवाजात बुडालेला. त्याच्याकडची बॅटरी विझलेली, कारण चांदणे पुरेसे आहे. तिसऱ्या शेतात कुणी जागलीला आहे. हे शिवार रात्री दिवसापेक्षा जास्त भरलेले असते, फक्त दिसत नाही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे; पण गावात राहायचे असते त्याला कैदेपेक्षा मोठी शिक्षा दुसरीच असते.

म्हणून माझे मत सरळ आहे. नायगावच्या सपाट रानात रायफलला जागा नाही, कायदा काहीही म्हणो. बारा बोअर किंवा ठासणीची, मचाणावरून, ठरलेल्या दिशेला, जवळच्या जनावरावर. याच्या पलीकडे कुठलाही बार हा नशिबावर सोडलेला बार आहे. बंदुकीशिवायचे उपाय कमी प्रतिष्ठेचे असतील, पण सौर कुंपणासाठी सरकारी अनुदान मिळते आणि ते शेजाऱ्याला मारत नाही. मुख्य वाहिनीचा करंट तारेत सोडणे मात्र बंदुकीपेक्षा वाईट. त्यात डुकरांबरोबर माणसेही मरतात. पाइप आणि कार्बाईडची आवाजाची ‘बंदूक’ही निरुपद्रवी नाही. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने कित्येक मुलांचे डोळे जायबंदी केले.

परदेशात गेलेले भाचे-पुतणे इथे आले की या सगळ्या बंधनांचे आश्चर्य करतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडे केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. तिच्या बऱ्याच भागात नागरिकाला निशाण लावून बार काढता येतो. तिथल्या वनखात्याच्या जमिनीवर नियम असा की घर, तंबू किंवा माणसांची वर्दळ असलेल्या जागेपासून दीडशे यार्डांच्या आत बार काढायचा नाही आणि रस्त्याच्या किंवा पाण्याच्या आडवा काढायचा नाही. दीडशे यार्ड म्हणजे १३७ मीटर. आपल्या पाच एकरांच्या शेताची बाजू १४२ मीटर आहे, हे आठवले की दोन्ही देशांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

मग इथे उघड्यावर कायदेशीर गोळीबार होतो तरी कुठे? होतो. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरलाही आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे. जवानांचा सराव जिथे होतो तिथे आधी आजूबाजूच्या गावांना कळवले जाते: अमुक तारखांना या भागात माणसांनी जाऊ नये, जनावरे सोडू नयेत. लष्कराचा मोठा सराव १९३८च्या एका कायद्याखाली अधिसूचित केलेल्या क्षेत्रात होतो. अहिल्यानगरजवळचे के. के. रेंज, खारे कर्जुने गावावरून ते नाव पडले, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. तिथे न फुटलेला गोळा भंगार म्हणून उचलायला जाणे म्हणजे मरणाला आमंत्रण. या जागा सामान्य परवानाधारकासाठी नाहीत, पण तिथली पद्धत बघण्यासारखी आहे. गोळी कुठे थांबणार हे आधी ठरते, तिथवरची माणसे हलवली जातात, आणि मग बार निघतो. आपल्याकडे वरातीत हे सगळे उलटे चालते. आकाशात काढलेल्या बाराची गोळीही खाली येतेच. २०१९पासून आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला हळदीकुंकू पुरते. बार काढायची गरज नसते. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना बंदूक ठाण्यात जमाच करावी लागते. २०२४ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे नेमके खरिपाच्या काढणीत आणि तूर भरात असताना. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

नेमाचा सराव मात्र घरी करता येतो, आणि ही गोष्ट फार कमी लोक गंभीरपणे घेतात. पॉइंट १७७ किंवा त्याहून लहान तोंडाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. साडेचार मिलीमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा १० ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेत. ऑलिंपिकमधली दहा मीटर एअर रायफल याच मापाची. तिच्या निशाणातला दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा असतो. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. पण अशा स्पर्धेची तयारीही रिकाम्या बंदुकीवर खटका ओढण्याच्या सरावावाचून होत नाही. श्वास सोडायचा, खटका सावकाश मागे घ्यायचा, टक् झाल्यावरही नळी जागची हलू द्यायची नाही. याला ना जागा लागते ना काडतूस. फक्त बंदूक रिकामी आहे हे दोनदा, आणि नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या तोंडात बोट घालून, बघायचे.

वाड्यात किंवा आखाड्यावर दहा मीटर लांब, एका टोकाला भक्कम भिंत असलेली मोकळी जागा बहुतेकांकडे असते. भिंतीपुढे लाकडी खोका ठेवायचा, त्यात जुनी गोधडी आणि चिंध्या गच्च दाबून भरायच्या, मागे लोखंडी पत्रा तिरका, वरची कड आपल्याकडे झुकलेली, म्हणजे उडालेला छर्रा खाली खोक्यातच पडतो. पुढे कागदी निशाण. पोरांना लांब ठेवायचे, स्वतः चष्मा लावायचा. चिमणीवर, खारीवर, कबुतरावर छर्रा मारायचा नाही. परवाना लागत नसला तरी पाखराला वन्यजीव कायदा लागतो. भिंत विटांची असावी, कुडाची नको. आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा गोठा असेल तर निशाण दुसऱ्या भिंतीला लावावे.